लंडन नगरीचीं यमकबद्ध बालपुस्तकें व त्यांचें साधनमूल्य

एखाद्या शहराच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, जमाखर्चाच्या वह्या, नकाशे, शिलालेख, प्रवाशांचीं टिपणें इतकीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या हातीं देण्याकरितां छापलेलीं, दोन ओळींचें यमक आणि त्यावर एक चित्र अशीं चिमुकलीं पुस्तकें या यादींत कोणी घालीत नाहीं. तीं स्वस्त, दोऱ्यानें टांचलेलीं, मुलांनीं फाडलेलीं व चावलेलीं असतात; आणि ज्याच्याकडे तीं उरतात तो तीं संग्रहांत ठेवण्यास लाजतो. परंतु ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाडे छापून काढले तेव्हांपासून पद्य हें इतिहासाचें साधन होऊं शकतें हें आपण तत्त्वतः मान्य केलें आहे. शाहिराच्या कवनांतील अतिशयोक्ति वगळून लढाईची हकीकत जर आपण काढून घेतों, तर मुलांच्या यमकांतून रस्त्याची व वेशीची हकीकत कां काढूं नये, असा प्रश्न सहज उत्पन्न होतो. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं प्रस्तुत लेखांत मुख्यतः लंडन शहर घेतलें आहे. कारण अशा पुस्तकांची परंपरा तेथें दोनशें वर्षांहून अधिक काळ सलग तपासतां येते.

चित्रांच्या योगानें मुलांस जगाचा परिचय करून देण्याच्या कल्पनेचा उगम पाहूं जातां १६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें निघालेल्या कोमेनियसच्या ‘ऑर्बिस पिक्टस’ या ग्रंथापाशीं यावें लागतें. त्याचें इंग्रजी रूपांतर चार्ल्स हूल यानें पुढल्याच वर्षीं केलें. त्यांत नगर, नगराचा अंतर्भाग, तट, वेस यांचे पाठ आहेत. पण तें नगर कोणतेंही विशिष्ट नगर नव्हे. नांव-गांव असलेलें एक खरें शहर मुलांपुढें ठेवण्याचा उद्योग प्रथम केला तो थॉमस बोरमन या लंडनच्या पुस्तकविक्यानें.

बोरमनचीं पुस्तकें १७४० पासून १७४३ पर्यंत निघालीं. एकंदर भाग दहा. त्यांपैकीं दोन गिल्डहॉलमधील राक्षसांच्या पुतळ्यांचे, दोन टॉवर किल्ल्याचे, दोन सेंट पॉलच्या देवळाचे, तीन वेस्टमिन्स्टर ॲबीचे आणि एक कजानस नांवाच्या स्वीडनकडील एका प्रचंड मनुष्याचा. या मालेस त्यानें ‘राक्षसी इतिहास’ असें नांव दिलें, आणि पुस्तकांचा आकार मात्र सुमारें अडीच इंच उंच व पावणेदोन इंच रुंद! मुलाच्या मुठींत मावणारें हें पुस्तक चार पेन्सांस मिळे. बोरमनचें एक दुकान गिल्डहॉलमध्यें त्या दोन राक्षसांच्या पुतळ्यांपाशींच होतें. म्हणजे पाहण्याची वस्तु व तिचें पुस्तक एकाच जागीं. संशोधकाच्या दृष्टीनें याहून मोलाची गोष्ट अशी कीं, पुस्तकाच्या आरंभीं वर्गणीदार मुलांच्या नांवांच्या याद्या छापलेल्या आहेत. अठराव्या शतकांतील कोणत्या प्रकारच्या घरांतील मुलांस शहर ‘दाखविलें’ जात होतें याचा इतका सरळ पुरावा अन्यत्र क्वचितच मिळेल. राजवंशांच्या याद्या आपण जितक्या बारकाईनें तपासतों तितक्या बारकाईनें या याद्या तपासण्यास कोणी तरी बसले पाहिजे.

ज्या पुतळ्यांवरून ही माला सुरू झाली ते गॉग व मॅगॉग यांचे लांकडी पुतळे रिचर्ड साँडर्स यानें १७०८ सालीं कोरले होते. ते २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीं बाँबहल्ल्याच्या आगींत जळाले व त्यांच्या जागीं १९५३ सालीं दुसरे उभे राहिले. बोरमनच्या ग्राहक मुलांनीं पाहिलेला पुतळा आज पाहतां येत नाहीं; पण त्याचें चिमुकलें पुस्तक शिल्लक आहे.

बोरमनचें लिखाण मुख्यतः गद्य. यमकाचा प्रांत सुरू होतो तो १७४४ सालच्या ‘टॉमी थंब्ज प्रिटी साँग बुक’ या पुस्तकापासून. प्रकाशिका मेरी कूपर. हें पुस्तक खिळे जुळवून छापलेलें नाहीं. चित्रें तांब्याच्या पत्र्यावर कोरून व त्याच पत्र्यावर अक्षरांचे ठसे ठोकून मजकूर उमटविलेला आहे, आणि कांहीं पानें तांबड्या तर कांहीं काळ्या शाईनें छापलीं आहेत. प्रवास-पुस्तक असें त्यास म्हणतां येणार नाहीं, कारण त्यांत नाना प्रकारचीं बालगीतें आहेत. परंतु त्यांतील लंडनच्या घंटांचें गाणें हें शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे मुलाला बोट धरून नेणारें पद्य आहे, आणि आमच्या विषयाचा सर्वांत वादग्रस्त व म्हणून सर्वांत रसाळ भाग तोच.

हें गाणें पुढें संत्रीं व लिंबें या शब्दांनीं सुरू होणाऱ्या रूपांत सर्व इंग्रजी मुलांच्या तोंडीं बसलें. त्या प्रचलित रूपांतील स्थळांचा क्रम साधारणपणें असा: सेंट क्लेमेंट, सेंट मार्टिन, ओल्ड बेली, शोअरडिच, स्टेप्नी, बो. आतां १७४४ च्या छापील पाठांतील क्रम पाहा: व्हाइटचॅपल, ऑल्डगेट, सेंट कॅथरीन, सेंट क्लेमेंट, ओल्ड बेली, फ्लीटडिच, स्टेप्नी आणि शेवटीं सेंट पॉल. म्हणजे जुन्यांत जुन्या छापील पाठांत गाणें सेंट क्लेमेंटपासून सुरू होतच नाहीं. संत्र्यांपूर्वीं तीन स्थळें येऊन गेलेलीं आहेत. आणि शोअरडिचच्या जागीं फ्लीटडिच आहे.

या पाठभेदांकडे लोकगीतांचे अभ्यासक एक गंमत म्हणून पाहतात. हस्तलिखितांच्या पाठभेदांवर ज्यांचे डोळे झिजले आहेत त्यांनीं याकडे थोडें निराळ्या दृष्टीनें पाहावें. फ्लीट ही लंडनच्या तटाच्या पश्चिमेकडून वाहत जाऊन टेम्सला मिळणारी लहान नदी. तिचें पुढें दुर्गंधीचें गटार झालें व तिला फ्लीट डिच, म्हणजे फ्लीटचा चर, म्हणूं लागले. तिचा होबर्न पुलापासून फ्लीट पुलापर्यंतचा भाग झांकून त्यावर १७३७ सालीं बाजार भरूं लागला; त्याच्या खालचा टेम्सपर्यंतचा भाग १७६६ सालीं बुजविला. तेव्हां १७४४ सालीं हें गाणें छापलें गेलें त्या वेळीं अर्धा चर उघडा होता आणि लंडनच्या मुलास तो नांवानेंच नव्हे तर नाकानेंही ठाऊक होता. चराला घंटा नसते हें उघड आहे. तें नांव तेथें आलें तें यमकासाठीं, किंवा चराकांठच्या एखाद्या देवळाच्या वतीनें. पुढें चर दिसेनासा झाला, नांवाचा अर्थ मुलांस कळेनासा झाला, आणि त्याच यमकांत तंतोतंत बसणारें शोअरडिच तेथें येऊन बसलें. शोअरडिचला सेंट लिओनार्डचें देऊळ आहे, त्यास खरोखरीच्या घंटाही आहेत. हा बदल केव्हां झाला याची नोंद कोणी ठेवणार नव्हतेंच. पण बदलाची दिशा व त्याचें कारण मात्र, आमच्या समजुतीप्रमाणें, शहराच्या भूगोलांत सांपडतें. सेंट कॅथरीनची कथाही तशीच. टॉवरशेजारचें हें बाराव्या शतकांतील धर्मस्थान गोदीसाठीं १८२५ सालीं पाडलें. गोदी १८२८ सालीं उघडली. प्रचलित गाण्यांत त्याचें नांव नाहीं. हें अनुमान आहे, पुरावा नव्हे, हें स्पष्टपणें सांगणें आमचें कर्तव्य आहे. एका गाण्याचे अनेक पाठ एकाच काळीं नांदत असतात हें ओव्यांच्या संग्राहकांस सांगावयास नकोच.

यांतूनच दुसऱ्या एका जुन्या वादावर प्रकाश पडतो. गाण्यांतील सेंट क्लेमेंट कोणतें? लंडनांत या नांवाचीं दोन प्रसिद्ध देवळें आहेत. एक स्ट्रँड रस्त्यावरचें सेंट क्लेमेंट डेन्स, दुसरें शहराच्या तटाआंत ईस्टचीपजवळचें. डेन्सच्या बाजूस लोकप्रियता आहे. १९२० सालापासून तेथें मुलांस संत्रीं व लिंबें वांटण्याचा समारंभ होऊं लागला. १० मे १९४१ च्या रात्रीं तें देऊळ जळालें व १९५८ सालीं त्याची पुनः प्रतिष्ठा झाली. ईस्टचीपच्या बाजूनें असें म्हणतात कीं, फळांचीं गलबतें ज्या धक्क्यांवर लागत ते धक्के त्याच्या जवळ होते. दोन्ही पक्षांनीं आजवर जे मुद्दे मांडले ते बहुतेक फळांसंबंधीं आहेत. क्रमाकडे फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. १७४४ च्या पाठांत व्हाइटचॅपल तटाबाहेर पूर्वेस, मग ऑल्डगेटची वेस, मग टॉवरशेजारचें सेंट कॅथरीन, आणि सेंट क्लेमेंटनंतर ओल्ड बेली व त्याच्या लगत पश्चिमेस फ्लीटचा चर. मध्यें ईस्टचीप धरल्यास हीं सहाही स्थळें पूर्वेकडून पश्चिमेकडे ओळीनें येतात. चालणाऱ्या मनुष्यास मागें वळावें लागत नाहीं. डेन्स धरल्यास चर ओलांडून पुढें जावें लागतें व पुनः परत यावें लागतें. स्टेप्नीनें हा क्रम पुढें मोडतो हें खरें, कारण स्टेप्नी दूर पूर्वेस आहे. परंतु तेथें यमकाची ओढ स्पष्ट दिसते. एवढ्या आधारावर निकाल देणें धाडसाचें होईल. आमचा कल मात्र ईस्टचीपकडे आहे, आणि डेन्सच्या समारंभांत संत्रें मिळालेल्या मुलांनीं त्याबद्दल आम्हांस क्षमा करावी.

येथपर्यंत साधनाचा गुण पाहिला, आतां दोष. या वर्गांतील पुस्तकांवर विसंबणारा मनुष्य पहिल्यानें फसतो तो कालनिर्णयांत. पुष्कळ पुस्तकांवर सन नाहीं. जुना माल नवा म्हणून खपावा हा त्यांतला हेतु. लांकडी ठसा झिजेपर्यंत वापरावयाचा व झिजल्यावर दुसऱ्या छापखान्यास विकावयाचा अशी रीत असल्यामुळें एकाच ठशाखालीं निरनिराळ्या गांवांचीं नांवें आलेलीं आढळतात. म्हणून चित्रांतील घर हें त्या गांवांतील घर, असें म्हणण्यापूर्वीं तोच ठसा दुसरीकडे आहे कीं काय हें पाहणें अवश्य आहे. कागद उजेडाकडे धरला असतां गिरणीची खूण व कधीं कधीं सन दिसतो. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदावर तो बराच आढळतो. पण तेवढ्यानें पुस्तक त्यापूर्वींचें नाहीं इतकेंच ठरतें. प्रकाशकाचा पत्ता हें त्याहून बरें साधन. दुकान बदललें, भागीदार बदलला, कीं मुखपृष्ठ बदलतें.

याखेरीज शहरच कालनिर्णयास मदत करतें. लंडन पुलावर घरें दाखविलीं असतील तर चित्राचें मूळ १७५८ ते १७६२ या काळांत तीं घरें काढून टाकण्यापूर्वींचें असलें पाहिजे. टॉवरमध्यें सिंह आहेत असें सांगितलें असेल तर मजकूर १८३५ च्या आगेमागेचा किंवा त्याआधींचा. कारण तेथील जनावरें त्या सुमारास रीजंट्स पार्कमध्यें हलविलीं गेलीं. टेंपल बार ही वेस फ्लीट स्ट्रीटच्या तोंडाशीं उभी असेल तर तें १८७८ पूर्वींचें. आणि टेम्सकांठीं मिसर देशांतील शिलास्तंभ दिसत असेल तर तें १८७८ नंतरचें, कारण त्याच सालीं एक गेली व दुसरा आला. परंतु येथेंही सावध राहावें. मुलांच्या पुस्तकांचे लेखक एकमेकांचें उतरून घेत. सिंह गेल्यावरही कांहीं वर्षें कागदावर गर्जत राहिले तर नवल नाहीं. नक्कलकाराच्या चुका नकलेची वंशावळ ठरविण्यास उपयोगी पडतात, हा बखरींच्या बाबतींतला आपला अनुभव येथेंही तंतोतंत लागू पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा व्यापार भरभराटीस आला. सेंट पॉलच्या देवळाच्या आवारालगत न्यूबेरीच्या गादीवर आलेला जॉन हॅरिस आणि ग्रेसचर्च स्ट्रीटवरील डार्टन हीं त्यांतलीं मोठीं घराणीं. आपल्या वाचकांस त्या काळच्या विलायती बालवाङ्मयाची ओळख सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या १८२८ सालच्या ‘बाळमित्रा’वरून आहेच, मूळ बर्कें यांचें फ्रेंच, तें इंग्रजीच्या मार्गानें मराठींत आलें. डार्टननें काढलेल्या ‘सिटी सीन्स’ या लंडनवर्णनाची १८१८ ची सुधारलेली आवृत्ति ॲन व जेन टेलर या भगिनींची आहे; गद्य, पद्य व चित्र यांची ती मिसळ आहे. त्यांचा पिता आयझॅक टेलर हा कोरीव चित्रांचा कारागीर व धर्मोपदेशक. त्यानें घरीं बसून प्रवास करणाऱ्या लहानग्यांकरितां म्हणून युरोप, आशिया, आफ्रिका व अमेरिका यांचीं एकेक पुस्तकें १८१८ पासून पुढें काढलीं.

याच सुमारास फेरीवाल्यांच्या आरोळ्यांचीं पुस्तकें विपुल निघालीं. मोठ्यांसाठीं असलेल्या अशा चित्रांची प्रथा जुनी आहे. मार्सेलस लारून याचीं लंडनच्या फेरीवाल्यांचीं चित्रें १६८७ सालचीं. मुलांच्या आवृत्त्यांत प्रत्येक पानावर एक फेरीवाला, त्याची आरोळी व चार ओळींचें पद्य असे. यॉर्क येथें केंड्र्यूनें यॉर्कच्या आरोळ्या छापल्या; समुद्रापलीकडे न्यूयॉर्कमध्यें सॅम्युएल वुड यानें १८०८ सालीं त्या शहराच्या आरोळ्या काढल्या. ठशांची उसनवारी या वर्गांत सर्वांत अधिक, म्हणून चित्रांवर विश्वास थोडा. परंतु कोणता माल रस्त्यावर विकला जाई, त्याचें माप व भाव काय, हें यमकांत बसवावें लागल्यामुळें जपून राहिलें आहे.

यांपैकीं रंगीत प्रतींसंबंधीं एक गोष्ट नमूद करणें जरूर आहे. रंग छापीत नसत; हातानें भरीत. अँड्र्यू ट्यूअर यानें लिहिल्याप्रमाणें कोवळ्या वयाचीं मुलेंमुली एका मेजाभोंवतीं बसत. समोर एक रंगविलेला नमुना, प्रत्येकाकडे एकच रंग, आणि कागद हातोहात पुढें सरके. एकानें आकाश करावें, दुसऱ्यानें अंगरखे. एका मुलास शहर दाखविण्यासाठीं दुसरीं मुलें त्या शहरांतल्याच एका खोलींत बसून तें रंगवीत होतीं. अशा प्रतींत तांबडा रंग अंगरख्याच्या रेषेबाहेर गेलेला असतो, व विक्रेते त्याला दोष म्हणून किंमत कमी करतात. वास्तविक त्या मुलांच्या हाताचा उरलेला पुरावा तेवढाच आहे.

१८८० नंतर हें चित्र पालटलें. बेलफास्टच्या मार्कस वॉर्ड या छापखान्याचा चित्रविभाग थॉमस क्रेन याच्याकडे होता. प्रसिद्ध चित्रकार वॉल्टर क्रेन याचा हा भाऊ. त्यानें आपली नातलग एलेन हॉटन हिच्यासह ‘अब्रॉड’ हें पुस्तक १८८२ सालीं काढलें आणि ‘लंडन टाउन’ १८८३ सालीं. दुसऱ्यांतील पद्यें फेलिक्स ली याचीं. रंग आतां शिळाछापानें येऊं लागले होते, हाताचें काम संपलें होतें. त्याहून मोठा फरक असा कीं, ‘अब्रॉड’मध्यें प्रवास करणारीं मुलेंच चित्रांत आहेत. लंडनहून निघून, बोलोन बंदरीं उतरून, तीं फ्रान्सांतून पारिसला जातात, आणि वाचणारें मूल त्यांच्या मागून चालतें. बोरमनच्या पुस्तकांत मुलानें देऊळ पाहावयाचें होतें. येथें तें देऊळ पाहणाऱ्या मुलास पाहतें. चित्रें फार सुरेख आहेत, आणि संशोधकास थोडीं संशयास्पद. त्यांत घाण, दाटी, धूर हीं वेंचून काढलेलीं दिसतात. त्या काळच्या लंडनची कल्पना केवळ यावरून करणारा मनुष्य, पेशवाईची कल्पना केवळ वाड्यांच्या भिंतींवरील चित्रांवरून करणाऱ्याइतकाच फसेल.

पारिसचा उल्लेख आला म्हणून एका अर्वाचीन पुस्तकाची नोंद करून ठेवतों. लुडविग बेमेलमन्स याचें ‘मॅडेलिन’ हें यमकबद्ध चित्रपुस्तक १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें निघालें. लेखक १८९८ सालीं तिरोल प्रांतांत मेरान येथें जन्मला व १९१४ सालीं अमेरिकेस गेला होता. पुस्तकांत दोन ओळींनीं चालणाऱ्या बारा शाळकरी मुली पारिसमधून हिंडतात. ऑपेरागृह, व्हांदोम चौक, अँव्हालीद, नोत्र दाम, लक्झेंबुर्गची बाग हीं ओळखूं येतात. पण आमच्या दृष्टीनें विशेष असा कीं, कोणत्या पानावर कोणतें स्थळ आहे याची यादी शेवटीं स्वतंत्रपणें दिली आहे. आपल्या चित्रांचा आधार सांगण्याइतका प्रामाणिकपणा या परंपरेंत क्वचित् दिसतो. पुस्तक निघालें तो महिना सप्टेंबरचा. युद्ध नुकतेंच सुरू झालें होतें, आणि १४ जून १९४० रोजीं जर्मन सैन्य पारिसमध्यें शिरलें. त्या यादींतील नोत्र दामचें देऊळ पुढें १५ एप्रिल २०१९ रोजीं आगींत सांपडलें व डिसेंबर २०२४ मध्यें पुनः उघडलें.

संग्राहकांनीं या वस्तूंकडे लक्ष दिलें तें फार उशीरां. डार्टन घराण्याच्याच वंशांतील एफ. जे. हार्वी डार्टन यानें १९३२ सालीं इंग्रजी बालपुस्तकांचा इतिहास लिहिला. एडगर ऑस्बोर्न यानें आपला संग्रह १९४९ सालीं टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयास दिला. आयोना व पीटर ओपी या दांपत्यानें १९५१ सालीं बालगीतांचा कोश प्रसिद्ध केला, व त्यांचीं सुमारें वीस हजार पुस्तकें १९८८ सालीं ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आलीं. आपल्याकडे एखादा रुमाल सोडला असतां सनदा व यादी यांच्यामध्यें मुलांच्या हातचे कित्ते, उजळणीचे तुकडे, चित्रें काढलेले कागद निघतात. ते बाजूस सारून कामाचे कागद वेगळे करावे ही आपली नेहमींची पद्धत. प्रस्तुत लेखकानेंही ती अनेक वेळां पाळली आहे, आणि त्यांतले किती कागद कोणत्या पेठेचे होते हें आतां सांगतां येणार नाहीं.

‘टॉमी थंब’च्या पुस्तकाची, ज्यावर वरील घंटांचा सगळा युक्तिवाद उभा आहे, एकच प्रत दीर्घकाळ ठाऊक होती; ती ब्रिटिश म्यूझियममधील. दुसरी २००१ सालीं उजेडांत आली व प्रिन्स्टन येथें गेली. दोन्हींवर ‘भाग दुसरा’ असें छापलेलें आहे. पहिल्या भागाची एकही प्रत अद्याप सांपडलेली नाहीं.